ज्याचं त्याला

वडिलांचे दिवस झाले आणि माडीवरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. वर धाबळी, तिच्याखाली जुन्या पंचांगांचा गठ्ठा आणि तळाशी धोतरात गुंडाळलेलं मृगाजिन. उलगडलं तसा कापराचा आणि कोंडलेल्या वर्षांचा वास ओसरीभर झाला. काळविटाची पाठ एकेकाळी काळीभोर असणार. आता ती भाजलेल्या जवसाच्या रंगावर आलीय. पोटाकडची पांढरी कड मात्र अजून स्वच्छ. काळं आणि पांढरं जिथं भेटतं ती रेघ इतकी नेमकी, की बोट आपोआप तिच्यावरून फिरतं.

सोबत एक सरकारी शिक्क्याचा कागद. आजोबा कागदाचे पक्के. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, घरात असल्या वस्तू असतील तर तीस दिवसांत कळवा म्हणाला, तेव्हा त्यांनी कळवून मालकीचा दाखला घेतला होता. आता वारसानं नव्वद दिवसांत पुन्हा कळवायचं. विकता येत नाही. ठेवायचं, की सोडायचं?

आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ज्याचं त्याला देऊन टाक बाबा."

ती सहज बोलली. मी मात्र त्या 'ज्याचं'पाशी अडकून बसलो.

शिकार आजोबांची नव्हती. बंदूक त्यांच्या एका स्नेह्याची. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. मांस ज्यांना चालत होतं त्यांच्यात वाटलं गेलं. आमच्याकडे चालत नव्हतं, म्हणून आमच्या वाट्याला कातडं आलं. जपाला बसायला. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या आसनाला दर्भ, अजिन आणि वस्त्र सांगितलंय. त्या अध्यायावर ज्ञानदेव बोलले ते नेवाशाला, आमच्या बेलापुरावरून वाहत जाणाऱ्या याच प्रवरेच्या काठी. तेव्हा आजोबांच्या आसनाला शास्त्राचाही आधार आणि नदीचाही. कोणी विचारलंच तर ते म्हणत, "आपण काही मारलं नाही." आत्या सांगते, हे ते न विचारताही म्हणत.

मी कातडं पालथं केलं.

केसांकडून काही दिसत नाही. उलट्या अंगाला, डाव्या फऱ्याच्या मागं, बोराएवढं भोक आहे आणि ते शिवलेलं आहे. बारीक टाके, एकमेकांना चिकटून, कुठं चुणी नाही. मी मोजले: अकरा. सुई केसांच्या मुळांखालून अशी फिरवलीय, की वरचा एक केसही दोऱ्यात सापडलेला नाही. ही गोळीची जागा. आजोबा रोज पहाटे हिच्यावर बसत आणि त्यांना ती कधी टोचली नसेल, इतकं काम सफाईचं.

कोणाचं काम? "ढोरानं कमावून दिलं होतं," एवढंच आत्याला ठाऊक. जात कळली, नाव नाही. मोटेचं कातडं कमावताना चुन्यात घालून केस उतरवतात, मग बाभळीची किंवा तरवडाची साल पाजतात. इथं केस राखायचे, म्हणजे चुना नको. आधी मीठ चोळून पाणी ओढून घ्यायचं, आतल्या बाजूचं मांस-चरबी खरवडायची, तुरटी मुरवायची आणि वाळता वाळता हातांनी चोळत राहायचं, नाहीतर पापडासारखं कडक होतं. इतकी वर्षं झाली, हे अजून घडी घालू देतं.

तो माणूस ते द्यायला आला तेव्हा अंगणातच थांबला, हेही आत्यानं तिच्या आईकडून ऐकलेलं. पैसे वरून टाकले. कातड्यावर पाणी शिंपडलं, मग ते देवघरात नेलं. हरणाला मारणाऱ्याला ओसरीवर चहा, बसणाऱ्याला पुण्य, आणि ज्याच्या हातांनी मेल्या जनावराचं आसन झालं तो उंबऱ्याबाहेर. कातडं शिंपडल्या पाण्यानं शुद्ध झालं. हात मात्र पिढ्यान् पिढ्या झाले नाहीत. आमच्या घरातली सगळ्यात पवित्र वस्तू अस्पृश्य मानलेल्या हातांनी शिवलेली आहे, आणि ही गोष्ट तिच्या पाठीमागंच लिहून ठेवलेली होती. आम्हीच ती कधी पालथी केली नाही.

आणि ज्याचं ते खरोखर होतं, त्याचं काय? काळवीट जिथं आपल्या मर्जीनं हिंडतो ती भूमी यज्ञाला योग्य, असं मनुस्मृती सांगते. त्या हिशेबानं आमचे माळ फार पुण्यवान असणार. मग भंडारदऱ्याचं धरण झालं, १९२६ मध्ये पुरं. प्रवरेचे कालवे फिरले, हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला, आणि कुसळी गवताच्या जागी ऊस आला. त्या पाण्यावर आमचीही घरं उभी राहिली, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही. पण उघड्या माळावर लांबचं बघून उधळणारं जनावर उसात जगत नाही. उसात बिबट्या जगतो. संध्याकाळी पोरांना घरात घेताना त्याची आठवण होते. काळवीट पाहायचा तर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कर्जत तालुक्यात रेहेकुरीला जायचं. १९८० साली त्यांच्यासाठी राखलेलं अभयारण्य. सव्वादोन चौरस किलोमीटरही भरत नाही.

म्हणजे ज्याचं होतं त्याला देता येत नाही. ज्यानं शिवलं त्याचं नाव आम्ही ठेवलं नाही. उरलं सरकार. २०२२ च्या दुरुस्तीनं सोय झालीय: दाखला असलेल्याला नको असेल तर वस्तू वनखात्याकडं जमा करता येते, मोबदला मिळत नाही. मी अर्ज लिहिला. 'कसे प्राप्त झाले' याचं उत्तर 'वारसाहक्काने' असं एका शब्दात मावलं. मग खाली आणखी एक ओळ लिहिली, ती कोणी वाचणार नाही हे माहीत असून: डाव्या बाजूस गोळीचे छिद्र, अकरा टाक्यांनी शिवलेले.

धोतरात परत गुंडाळताना फरशीवर केस गळाले. आत्या केरसुणी घेऊन आली.

"हेही सरकारचंच," मी म्हटलं.

तिनं केस सुपलीत भरले, चष्मा लावून माझा अर्ज वाचला. "अकरा का रे?" तिनं विचारलं. "मोज परत. आत एक लपलाय."

मी पुन्हा सोडलं. बाराच होते.