लघवी लाल झाली, पण आग नाही? मग ती उन्हाळी समजू नका

एप्रिल-मे आला की आपल्या विदर्भात लघवीची कुठलीही तक्रार दोन शब्दांत निकाली निघते, "उन्हाळी लागली." मग धन्याचं पाणी, सब्जा, ताक. पंचेचाळीस डिग्रीत हा अंदाज बरेचदा बरोबरही असतो. पण उन्हाळीत आग होते. लघवी लाल झाली आणि दुखलं काहीच नाही, तर मामला वेगळा. मूत्राशयाच्या कॅन्सरची सगळ्यात नेहमीची पहिली खूण हीच आहे.

फसगत पुढे होते. हे रक्त एक-दोनदा दिसतं आणि आपोआप थांबतं. माणसाला वाटतं, धन्याच्या पाण्यानं बरं झालं. ओळखीतल्या एका काकांचं असंच झालं. "दुखतच नव्हतं, तर डॉक्टरकडं काऊन जाऊ?" हा त्यांचा सवाल. आठ महिन्यांनी रक्ताच्या गाठींनी लघवी अडली, तेव्हा गेले. तोवर कॅन्सर मूत्राशयाच्या स्नायूत शिरला होता.

काका बिडीवाले. तंबाखू म्हटलं की आपल्याला खर्रा आणि तोंडाचा कॅन्सर आठवतो. पण बिडी-सिगारेटच्या धुरातली विषं फुफ्फुसातून रक्तात जातात, किडनी ती गाळते आणि लघवीसोबत ती तासन्‌तास मूत्राशयात साचून राहतात. त्या अस्तराला रोजचा मार बसतो. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं टाळता येणारं कारण धूम्रपानच आहे. काही रंग-रसायनांच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांनाही धोका जास्त असतो.

आता घाबरू नका. लाल लघवी मुतखडा, इन्फेक्शन, प्रोस्टेट यानंही होते. पण ते तपासून ठरवायचं, अंदाजानं नाही. लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडली तर दुर्बिणीतून तपासणी. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून सुटलो असं नसतं, लहान गाठ तीत निसटू शकते. बायकांच्या बाबतीत तर पाळीचं रक्त समजून किंवा इन्फेक्शनच्या गोळ्यांवर गोळ्या देऊन महिने जातात. गोळ्यांनी रक्त थांबत नसेल तर पुढची तपासणी मागा.

लवकर सापडलं तर गाठ लघवीच्या वाटेनंच दुर्बिणीतून खरवडून काढतात, पोटावर चीर नाही. मग गरजेनुसार मूत्राशयात औषध सोडतात. त्यातलं एक औषध म्हणजे बीसीजी, लहानपणी दंडावर टोचलेल्या टीबीच्या लशीतलेच जंतू! १९७६ साली कॅनडातल्या डॉ. मोरालेस यांनी त्याचा हा उपयोग दाखवला. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, असे सहा डोस. हा कॅन्सर परत उगवणारा आहे, म्हणून ठरलेल्या तारखांना दुर्बीण चुकवायची नाही.

स्नायूत शिरला तर केमो आणि मोठं ऑपरेशन. मूत्राशय काढून आतड्याच्या तुकड्यातून लघवीची नवी वाट करतात, बहुतेकदा पोटावर पिशवी लागते. काहींना केमो आणि रेडिएशननं मूत्राशय वाचवताही येतं. काकांना आता पिशवी आहे. चालतात, बाजारात जातात, पण लग्नकार्याला जायचं टाळतात. आठ महिने आधी गेले असते तर कदाचित दुर्बिणीवर निभावलं असतं.

नागपुरात मेडिकल, सुपर, एम्स, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं एनसीआय आहे. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. रेशनकार्ड, आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा. पण गडचिरोली, गोंदियाचा माणूस आधी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो. माझी मागणी तिथली आहे. चाळिशीपुढचा माणूस न दुखता लाल लघवी झाली म्हणून आला, तर त्याला नुसत्या गोळ्या देऊन परत पाठवू नये. लघवी तपासावी आणि लेखी चिठ्ठी देऊन वर पाठवावं. जिल्हा परिषद सदस्य, आरोग्य अधिकारी ही पोस्ट वाचत असतील तर त्यांनी हा नियम आपल्या भागात लावून घ्यावा.

आणि घरी बाबा, काका, आजीला एकदा विचाराच. लाजेखातर हे कोणी आपणहून सांगत नाही.