सावलीतलं वाळवण

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. कॅनडातल्या किचनर शहरात एका घराच्या तळघरात, दिव्याखाली स्टीलचं मोठं ताट मांडलेलं आहे. ताटासमोर बसलेला माणूस साठीचा. चष्मा नाकावर उतरलेला, हातात भरतकामाला वापरतात तशी छोटी, टोकदार कात्री. तो फांदी देठाला धरून सावकाश फिरवतो आणि फुलोऱ्यातून डोकावणारं एकेक पान कापत जातो. पंधरा-वीस मिनिटांत कात्रीची पाती एकमेकांना चिकटायला लागतात. बोटांवर काळपट, डिंकासारखा थर चढतो. तो साबणाने जात नाही. आधी खोबरेल तेल चोळावं लागतं. कात्री पुसायची, पुन्हा बसायचं. या कामात दोन-तीन संध्याकाळी सहज जातात. झाडं मात्र चारच असतात.

चारच, कारण कायदा तेवढ्यांनाच परवानगी देतो. १७ ऑक्टोबर २०१८ रोजी कॅनडात गांजा कायदेशीर झाला. त्या कायद्यानुसार एका घरात चार झाडं लावता येतात, मग घरात माणसं दोन असोत की सहा. क्वेबेक प्रांताने मात्र घरी झाड लावायला बंदी घातली आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. ऑन्टारिओत वयाची अट १९ वर्षांची आहे. भारतात असं एकही झाड लावणं १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा ठरतं. गावाकडे फोनवर बोलताना हा माणूस म्हणूनच आपल्या टोमॅटोबद्दल, मेथीबद्दल भरभरून बोलतो आणि या चार झाडांचा विषय काढत नाही.

त्याचं बालपण निपाणीजवळच्या एका खेड्यात गेलं. घरची शेती तंबाखूची. झाडं कापून रानातच उन्हात पसरायची, उलथायची, पुन्हा पसरायची. या सगळ्यात त्याला सर्वांत स्पष्ट आठवतं ते पहाटेचं उठणं. वाळलेल्या तंबाखूला दुपारी हात लावायचा नाही; पान कुरकुरीत असतं, चुरा होतो. पहाटेच्या दवात तेच पान मऊ पडतं आणि तेव्हाच ते उचलायचं. वडील अंधारात एक पान मुठीत दाबायचे आणि कान देऊन ऐकायचे. आवाज आला की म्हणायचे, "थांब अजून थोडं." आवाज आला नाही की सगळे कामाला लागायचे.

किचनरपासून गाडीने तासाभराहून थोडं जास्त दक्षिणेला गेलं की नॉरफोक परगणा लागतो. रेताड जमिनीचा हा पट्टा एकेकाळी कॅनडाच्या तंबाखूचं माहेरघर होता. तिथल्या एका गावाचं नावच डेल्ही आहे. तिथले लोक उच्चार 'डेल-हाय' असा करतात. रस्त्याच्या कडेला अजूनही जुन्या लाकडी भट्ट्या ओळीने उभ्या दिसतात. त्यांत नळ्यांमधून गरम हवा खेळवून तंबाखूची पानं पिवळी करत आणि वाळवत. पहिल्यांदा त्या पाहिल्या तेव्हा त्याने गाडी बाजूला लावली आणि बराच वेळ बघत उभा राहिला. निपाणीच्या उन्हाचं काम इथे भट्टीने केलं होतं. पान तेच, पाणी घालवायची रीत वेगळी. आपल्या चार झाडांच्या बाबतीत हीच रीत चुकली होती, हे त्याच्या तिथेच लक्षात आलं.

चूक झाली ती पहिल्या वर्षी. थंडी अचानक वाढली, तळघरातली भट्टी सुरू झाली आणि त्याने फांद्या तिच्या गरम हवेच्या झडपेजवळ टांगल्या. वर टेबलफॅनही लावला. तिसऱ्याच दिवशी फुलोरा हाताला कडकडीत लागला. उन्हात वाळवण घालणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला यात वावगं काही वाटलं नाही. त्याने सगळं बरण्यांत भरलं आणि झाकणं घट्ट लावली. पाच दिवसांनी पहिली बरणी उघडली तर अमोनियासारखा उग्र वास आला. दुसरीत तर तुऱ्याच्या पोटात राखाडी केसाळ बुरशी धरली होती.

बाहेरचा थर भराभर वाळला की तो कवचासारखा घट्ट होतो आणि आतलं पाणी आतच अडकतं. हाताला लागतं ते कवच. बरणीत बंद केल्यावर ते अडकलेलं पाणी हळूहळू बाहेर येतं आणि मग बुरशीला आयतंच फावतं. राखाडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, द्राक्षांना आणि स्ट्रॉबेरीलाही लागते. खाताना ती डोळ्यांना दिसते, आपण फेकून देतो. गांजाचा धूर मात्र थेट फुप्फुसात जातो. ॲस्परजिलससारखी बुरशी तर प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. त्याने त्या वर्षीचं सगळं पीक टाकून दिलं. बुरशी धरलेला भाग कापून उरलेलं वापरावं असा मोह झाला होता. पण बुरशीचे बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं.

ओल्या फुलोऱ्यात वजनाच्या तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. कॅनडाच्या कायद्यालाही ते माहीत आहे: बाहेर जवळ किती बाळगता येईल हे मोजताना पाच ग्रॅम ओला गांजा एक ग्रॅम वाळलेल्याबरोबर धरतात. म्हणजे पाचातले चार भाग जायचे आहेत. ते तीन दिवसांत घालवायचे की बारा दिवसांत, यावर पुढचं सगळं अवलंबून.

आता तो बारा दिवस घेतो. तळघराच्या कोपऱ्यातल्या एका बिनखिडकीच्या खोलीत फांद्या उलट्या टांगतो. तापमान सोळा ते अठरा अंश, हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास. पंखा आहे, पण त्याचं तोंड भिंतीकडे. खोलीतली हवा हलती राहावी, वारा थेट फुलोऱ्यावर लागू नये. दिवा बंद. त्याच्या बायकोला हे सगळं पाहून तिच्या माहेरची आठवण झाली. कोथिंबीर, कढीपत्ता, कसुरी मेथी कोणी उन्हात घालत नाही. उन्हात पापड, कुरडया, सांडगे; पाल्याला सावलीच हवी. "अहो, पाल्याला ऊन लागलं की वास जातो, हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का?" तिने विचारलं होतं. तंबाखूच्या रानात वाढलेल्या त्याला ते खरंच कोणी सांगितलं नव्हतं.

वास जातो तो का, हे त्याने पुढे वाचून काढलं. झाडाच्या राळेत सुवासिक तेलं असतात. मिरसीन, लिमोनीन, पायनीन ही त्यांची नावं. लिमोनीन लिंबाच्या सालीत असतं, पायनीन देवदाराच्या जातीच्या झाडांत. ही द्रव्यं सहज उडून जाणारी. खोली जितकी गरम, तितकी ती लवकर पसार होतात. उरतो तो वाळल्या गवताचा वास. नवख्या माणसाच्या पिकाला बहुधा हाच वास येतो.

राळ साठते ती भिंगाखालीच दिसणाऱ्या ग्रंथींमध्ये. फुलोऱ्यावर आणि त्याच्या लगतच्या छोट्या पानांवर देठ असलेल्या मण्यांसारख्या त्या दाटीवाटीने उभ्या असतात. कापणीची वेळही त्यांच्यावरूनच ठरते. सप्टेंबरअखेर तो रोज सकाळी परसात जाऊन साठपट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघतो. मणी काचेसारखे स्वच्छ असतील तर अजून वेळ आहे. दुधाळ झाले की तयारी करायची. काही तांबूस पिवळे दिसू लागले की कात्री काढायची. दुसरीकडे हवामान आपली घाई करत असतंच. दिवस लहान होऊ लागले की हे झाड फुलावर येतं, आणि ऑन्टारिओत दिवस लहान होणं म्हणजे पाठोपाठ पाऊस, धुकं आणि पहिले हिमकण. मण्यांचा रंग आणि हवामानाचा अंदाज यांच्या ओढाताणीत त्याचे आठ-दहा दिवस जातात.

मग येतं निवडणं. तो छाटणी म्हणत नाही, निवडणं म्हणतो. मेथीची जुडी निवडतात तसं. पंजासारखी मोठी पानं झाड कापल्याबरोबर हातानेच काढायची. त्यांत राळ नसल्यातच जमा. फुलोऱ्यातून टोकं बाहेर काढणारी छोटी पानं, ज्यांना इथले लोक साखर भुरभुरल्यासारखी दिसतात म्हणून 'शुगर लीव्ह्ज' म्हणतात, ती ओली असताना कापायची की वाळल्यावर, यावर या कामातल्या माणसांत कायमचे दोन पक्ष आहेत. ओली पानं ताठ उभी असतात, कात्रीला सापडतात, काम झपाट्याने होतं. वाळली की ती आत वळतात, फुलोऱ्याला बिलगतात, काम दुप्पट. पण बिलगलेली ती पानंच फुलोऱ्याभोवती पदरासारखी राहतात आणि पाणी सावकाश जाऊ देतात. दमट हवा असेल, बुरशीची भीती असेल तर ओलं निवडावं. हवा कोरडी असेल तर पानं राहू द्यावीत. त्याचं तळघर ऑक्टोबरात कोरडं पडतं, म्हणून तो वाळल्यावर निवडतो.

कॅलिफोर्नियाच्या हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या परगण्यांत दर शरद ऋतूत या एकाच कामासाठी दूरदूरहून माणसं येत आली आहेत. पौंडामागे मजुरी, दिवसभर वाकून कात्री. पुढे यंत्रं आली. यंत्र पानं कापतं खरं, पण फुलोरा आपटत, घासत नेतं आणि ते मणी तुटून गळून जातात. ज्यासाठी झाड वाढवलं तेच गळून गेलं तर निवडून उपयोग काय, म्हणून चार झाडं लावणारा माणूस कात्रीच धरतो.

हाताने करायच्या या कामाचा एक जुना धागा भारतातही आहे. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने पुढच्या वर्षी कित्येक खंडांचा अहवाल दिला. त्यात बंगालमधल्या नौगावच्या गांजाशेतीचं बारकाईने वर्णन आहे; ते नौगाव आता बांगलादेशात आहे. तिथे पोद्दार नावाचे जाणकार शेतात फिरून नर झाडं ओळखत आणि उपटून टाकायला लावत, म्हणजे मादी फुलोऱ्यात बी धरत नसे. कापलेल्या फांद्या पसरून, पायांनी तुडवून चपटा गांजा करत. गोल गांजा वळून करत. हे वाचल्यावर त्याने स्वतःच्या चार झाडांकडे पाहिलं. जुलैअखेर तोही पानांच्या बेचक्यात बघत होता, नराची कळी दिसते का म्हणून. पोद्दारांचं काम तो नकळत करत आला होता. तुडवणं मात्र आज कोणी करणार नाही. मणी जपायचे म्हणून तो फांदी देठालाच धरतो.

दहाव्या दिवसापासून तो रोज एक बारीक काडी वाकवून पाहतो. नुसती वाकली तर अजून ओल आहे. कट् असा आवाज करत मोडली, पण साल धाग्यासारखी धरून राहिली, तर बरणीची वेळ झाली. अंधारात मुठीतलं पान ऐकणारे वडील त्याला या क्षणी दरवर्षी आठवतात. तिथे आवाज आला की थांबायचं होतं. इथे आवाजाची वाट बघायची असते.

बरणीत भरल्यावर जे होतं त्याला इंग्रजीत वेगळा शब्द आहे, पण घरात त्याला मुरणं म्हणतात, लोणचं मुरतं तसं. बरणी पाऊण भरायची, आत नाण्याएवढा आर्द्रतामापक ठेवायचा. पहिल्या रात्रीत कडक फुलोरा पुन्हा मऊ पडतो, कारण देठातलं उरलेलं पाणी बाहेर पसरतं. तंबाखूच्या पानावरचं दव बाहेरून यायचं. हे आतून येतं. काटा ५५ आणि ६५ च्या मध्ये स्थिरावला तर ठीक. अमेरिकेतल्या एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेनेही वाळलेल्या गांजासाठी जलक्रियाशीलतेची, म्हणजे त्यातल्या मोकळ्या पाण्याच्या मापाची, मर्यादा ०.५५ ते ०.६५ अशीच आखली आहे. काटा ७० च्या वर गेला तर सगळं ताटात काढून काही तास उघडं ठेवायचं, मग पुन्हा भरायचं. पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटं झाकण उघडायचं, नंतर आठवड्यातून एकदा. वाळल्या गवताचा वास या दिवसांत मागे सरतो आणि लिंबाच्या सालीसारखा काही वर येतो.

बरण्या लाकडी कपाटात राहतात, कुलपात. कुलूप नातवंडांसाठी, आणि कपाट अंधारासाठी. लंडनमधल्या फेअरबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये साठवणीचा अभ्यास केला तेव्हा साठवलेल्या गांजातली द्रव्यं नासवण्यात सर्वांत मोठा वाटा प्रकाशाचा, असं त्यांना आढळलं होतं. त्यामुळे खिडकीत मांडलेल्या सुंदर काचेच्या बरण्यांचे फोटो कोणी पाठवले की तो आधी त्या आत ठेवायला सांगतो.

तो स्वतः फार थोडं वापरतो, एखाद्या शनिवारी रात्री. एका वर्षाचं पीक त्याला वर्षभरात संपत नाही. तरी दर वसंतात बिया भिजत पडतात.

आज बारावा दिवस. शेवटची फांदी निवडून झाली आहे. ताटात कातरलेल्या पानांचा लहानसा ढीग, बाजूला सहा बरण्या. कागदाच्या पट्टीवर तो तारीख आणि वजन लिहितो, एक काडी मोडून पाहतो, कान देतो. मग दिवा मालवून वर जाताना बायकोला सांगतो की उद्या सकाळी सातला झाकणं उघडायची आहेत, आठवण कर.