खणातला हवालदार

इंग्लंडातल्या आमच्या स्वयंपाकघरात, चमच्यांच्या खालच्या खणात, रबरबँडं, सेलोटेप आणि कुठली ते आता कुणालाच न आठवणाऱ्या किल्ल्यांच्या संगतीत तो पडून असतो. बँक त्याला कार्ड रीडर म्हणते, आम्ही हवालदार. चण छोट्या कॅलक्युलेटरची, पण दोन अधिक दोन विचारा, येणार नाही. त्याला एकच विद्या येते, समोरच्यावर संशय घेण्याची.

कार्ड त्याच्या पोटात खुपसायचं, ‘आयडेंटिफाय’चं रबरी बटण दाबायचं, पिन द्यायचा. मग अरुंद काचेवर आठ आकडे उमटतात. चष्मा सापडून ते संगणकावर उतरवेपर्यंत काच कोरी झालेली असते, पुन्हा पहिल्यापासून. नव्या कुणाला पैसे पाठवायचे तर ‘रिस्पॉन्ड’ दाबा, संगणकाने दिलेला आकडा याला सांगा आणि याने दिलेला संगणकाला. दोघांमधली हमाली आपली, कारण हवालदाराला ना वायफाय आहे, ना सिमकार्ड. आकडे घडवते ती कार्डावरची चिप. हा फक्त वाचून दाखवतो. पिन तीनदा चुकला की मात्र कार्डाला कुलूप! मग एटीएमपाशी जाऊन ते सोडवून आणायचं.

त्याचा खरा स्वभाव कळतो तो खातं बदलताना. इथे २०१३ पासून करंट अकाउंट बदलण्याची एक सामाईक सोय आहे. नव्या बँकेला सांगायचं. सात कामाच्या दिवसांत शिल्लक, डायरेक्ट डेबिट, स्टँडिंग ऑर्डर सगळं तिकडे जातं आणि जुनं खातं बंद होतं. ही सोय चोख आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याआधी उंबऱ्यावर होणाऱ्या चौकशीबद्दल.

नव्या बँकेचा हवालदार टपालाने येणार होता, तो आला नाही. कुठे अडकला ते विचारायचं तर लॉगिन करा, म्हणे. लॉगिन करायचं तर हवालदार हवा. फोन केला तर आईचं माहेरचं आडनाव विचारलं. आमच्याकडे मामांची नावं आडनावासकट लग्नपत्रिकेत छापून गावभर वाटतात. इथे ते गुपित! ते सांगितल्यावर नावाचा घोळ निघाला. माझ्या भारतीय पासपोर्टवर नवऱ्याच्या नावासकट तीन शब्द आणि कौन्सिल टॅक्सच्या बिलावर दोनच. मधला माणूस कोण, असं पलीकडच्या मुलीने अगदी अदबीने विचारलं. म्हटलं, बाई, तो इथेच चहा पीत बसलाय.

बँकांच्या या संशयाला कारण आहे, हेही सांगायला हवं. ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये कुणी फसवून खात्यातून पैसे पाठवायला लावले, तर ठरलेल्या अटींत पंच्याऐंशी हजार पौंडांपर्यंतची भरपाई बँकांनी द्यायची आहे. निम्मी पैसे पाठवणाऱ्या बँकेने, निम्मी ज्या बँकेत पैसे पोचले तिने. चोराला खातं उघडून देणारी बँकही आता खिशात हात घालते. त्यामुळे नवं गिऱ्हाईक दारात आलं की ती आधी त्याला चोर समजते आणि मग बसायला खुर्ची देते.

एवढं असूनही आमचा हवालदार भोळाच. २००९ साली केंब्रिजच्या तिघा संशोधकांनी या रीडरची चिरफाड करणारा निबंध लिहिला. त्यातला एक मुद्दा मला फार पटला: पिन बरोबर की चूक हे तो जागच्या जागी सांगतो, म्हणजे वाटमाऱ्याने दरडावून काढून घेतलेला पिन खरा आहे का, हेही याच्याकडून तपासून घेता येतं. कार्ड आणि पिन हातात असलेल्या कुणालाही तो सलाम ठोकतो. शिवाय फोनवर ‘मी बँकेतून बोलतोय’ म्हणणारा गोड आवाज आपल्याकडूनच ‘रिस्पॉन्ड’ दाबवून आकडे वाचून घेतो, तेव्हाही हा शांतपणे आकडे दाखवत राहतो. घरच्या माणसाला दहा प्रश्न आणि चोराला वाट मोकळी!

तरी मोबाइलवर येणाऱ्या एसएमएसपेक्षा मी यालाच मार्क जास्त देईन. मोबाइल नंबर दुसऱ्या सिमकार्डावर वळवून एसएमएस पळवता येतात. खणातल्या या मठ्ठाला कुठूनच निरोप येत नसल्यामुळे त्याचे कान फुंकता येत नाहीत.

खातं बदलणार असाल तर एवढं करा. जुन्या बँकेचे ऑनलाइन व्यवहार बंद होण्याआधी सगळी स्टेटमेंटं उतरवून घ्या, नंतर ती मागत बसावं लागतं. आणि रीडरने दाखवलेले आकडे फोनवर कुणालाही, अगदी कुणालाही वाचून दाखवू नका.