सहा चेंबर, एक नळी

पिस्तुलात चेंबर आणि नळी एकाच पोलादात कोरलेली असतात. रिव्हॉल्वरचे तसे नाही. तिथे सहा चेंबर एकामागून एक फिरत येऊन नळीसमोर उभे राहतात आणि गोळीला मधली फट ओलांडून नळीत शिरावे लागते. नेमाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ मला या फटीच्या अलीकडे-पलीकडेच सापडत आले आहे. म्हणून दुरुस्तीला आलेले रिव्हॉल्वर मी एक हत्यार समजत नाही, एकाच नळीवर पाळीपाळीने चालणारी सहा हत्यारे समजतो आणि प्रत्येकाची चौकशी वेगळी करतो.

माणसे बहुधा निदान करूनच येतात. ‘काका, नळी गेली याची, बदलून द्या.’ नळी सहसा गेलेली नसते. आपल्याकडे परवान्यावर जी रिव्हॉल्वर दिसतात त्यांतली बरीचशी .३२ एस अँड डब्ल्यू लाँग या काडतुसाची. हे काडतूस १८९६ सालचे, कमी दाबाचे. शिशाच्या गोळीने पोलादी नळी झिजायला फार गोळ्या लागतात, आणि परवानाधारकाच्या हातून आयुष्यभरात तेवढ्या सुटतही नाहीत.

मी आधी माणूस तपासतो. रेंजवर त्याच्याकडे पाठ करून चार चेंबर भरतो, दोन रिकामे ठेवतो, सिलिंडर फिरवून बंद करतो आणि रिव्हॉल्वर त्याच्या हाती देतो. भरलेले कोणते, हे त्याला ठाऊक नसते. रिकाम्या चेंबरवर घोडा पडतो तेव्हा आवाज होत नाही, धक्का बसत नाही, पण पुढची माशी खाली गचका खाते. धक्क्याच्या भीतीने मनगट आधीच दाबले गेलेले असते. हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, मला काही बोलावे लागत नाही. अशा माणसाला मी सराव सांगतो आणि हत्याराला हात लावत नाही. ज्याला हत्यारातले काही कळत नाही असा कारागीर इथेच नळीवर कानस चालवून मोकळा होतो, याची मला मनापासून चीड आहे. काढलेले पोलाद परत लावता येत नाही.

माणूस बरोबर असेल तर मग साफसफाई. नळीच्या मागच्या टोकाला गोळीला आत घ्यायला उतरता गाळा असतो, त्याच्या कडेला शिशाचा राखाडी थर चढतो. तो पितळी ब्रशने आणि सॉल्व्हंटने काढला की अर्ध्या तक्रारी मिटतात. नळीचे तोंडही पाहतो. रिव्हॉल्वर तोंडाकडून साफ करायची सवय असते, त्यामुळे वाळूचे कण चिकटलेला पोलादी गज वर्षानुवर्षे तिथेच घासतो. कापसाचा बोळा तोंडाच्या आतल्या कडेवरून गोल फिरवायचा. कुठे तंतू अडकला तर तिथे बारीक दात उभा आहे. गोळी सुटताना शेवटचा स्पर्श याच कडेचा. ती एका बाजूला खरचटलेली असेल तर वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला आडवा ढकलतो.

त्यानंतरचे काम मला सगळ्यात आवडते. मार्करने सिलिंडरवर १ ते ६ आकडे घालायचे, वाळूच्या पिशवीवर हात टेकवायचा आणि प्रत्येक चेंबरच्या पाच-पाच गोळ्या वेगळ्या कागदावर मारायच्या. एरवी सहा चेंबरच्या गोळ्या एकाच कागदावर पडतात, पसरट डाग दिसतो आणि माणूस म्हणतो, नेम लागत नाही. वेगळे कागद शेजारी मांडले की बहुतेक वेळा दिसते ते असे, की पाच चेंबर एका जागी मारताहेत आणि एक दुसरीकडे. हा पसरलेपणा नव्हताच. बिघाड एका चेंबरमध्ये आहे.

क्लबच्या एका नेमबाज मुलीच्या रिव्हॉल्वरचे तेच निघाले. ती खेळते त्या पंचवीस मीटर सेंटर फायर स्पर्धेतल्या प्रिसिजन टप्प्याच्या कागदावर दहाचे वर्तुळ अवघे ५० मिलिमीटरचे. या स्पर्धेत जसपाल राणाने २००६ च्या दोहा आशियाई खेळांत ६०० पैकी ५९० गुण घेऊन विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. तिथे एका गोळीचाही हिशोब लागतो. हिचे चौथे चेंबर गोळी डावीकडे खाली, आठाच्या वर्तुळात टाकत होते. भोकही स्वच्छ गोल नव्हते, किंचित लांबट होते. गोळी तिरकी जात होती.

हत्यार रिकामे असल्याची दोनदा खात्री करून सहाही चेंबरचे टायमिंग पाहिले. घोडा अगदी सावकाश मागे घ्यायचा, सिलिंडरला अंगठ्याने हलका अटकाव करायचा. घोडा पूर्ण चढायच्या आत खालचा खटका खाचेत बसल्याचा टक् आवाज यायला हवा. सहाही वेळा आला. नळीतून सरळ गेज सोडला, तो सहाही चेंबरमध्ये न अडखळता उतरला. सिलिंडर आणि नळीमधली फट फीलर गेजने मोजली, सहा थाऊ, म्हणजे इंचाचे सहा हजारांश, भरली. चार ते आठ चालते. म्हणजे चेंबर नळीसमोर नीट उभे राहत होते.

राहिले चेंबरचे पुढचे तोंड. गोळी काडतूस सोडून इथूनच जाते, आणि हे तोंड नळीतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांच्या व्यासाइतके किंवा त्याहून एखादा थाऊ मोठे हवे. नळीतून मऊ शिशाची गोळी तेल लावून ढकलून पाहिली तर खाचांचा व्यास ३१२ थाऊ निघाला. पाच चेंबरच्या तोंडात ३१३ ची पिन हलकेच शिरली. चौथ्यात ३११ ची अडली. शिसे साचले असेल म्हणून पुन्हा घासले, पुन्हा मोजले, तरी अडलीच. कारखान्यातच भोक मापाला आणणारा रीमर तिथे कमी फिरला असणार. गोळी त्या तोंडातून निघताना आवळली जायची, नळीत शिरेपर्यंत खाचांना बारीक पडायची, बाजूने वायू निसटायचा आणि खाचा तिला पकडू शकत नसत.

मुलगी म्हणाली, ‘काका, मग नळी बदलायला नको ना?’

‘नको गं. नळीचा काही दोष नाही. एका तोंडात दोन थाऊ काढायचे आहेत, आणि ते हाताने. तेल सोडत रीमर सावकाश फिरवायचा, दर फेरीला पिन घालून पाहायची.’

मापाचा रीमर बाहेरून मागवावा लागणार होता आणि बालेवाडीची स्पर्धा जवळ आली होती. पण या खेळात मालिका पाच गोळ्यांची असते आणि तिच्या रिव्हॉल्वरला चेंबर सहा. चौथ्यावर लाल ठिपका लावून दिला. तिला दाखवले, की ते रिकामे ठेवायचे आणि घोड्याखाली आणून सिलिंडर बंद करायचा. घोडा चढवला की पुढचे चेंबर समोर येते, आणि लाल ठिपक्याची पाळी पाच गोळ्या संपल्यावरच येते.