दोरीवरचं वर्ष

मालवणकडच्या घरात कुठला महिना चालू आहे, हे मागीलदारच्या दोरीकडे पाहून सांगता येतं. फाल्गुनात पंचांवर जळल्यासारखे तपकिरी ठिपके दिसू लागतात, तो काजू. वैशाखात जांभळट लाल शिंतोडे येतात, तो रातांबा. मृगाचा पाऊस लागला की चादरींच्या कडांना तांबडी माती चढते आणि आषाढ सरता सरता टॉवेलांच्या घड्यांत बुऱ्याचे काळे ठिपके उमटतात. मासेमारीची बंदी 31 जुलैला संपते, होड्या पुन्हा पाण्यात उतरतात आणि हात पुसायच्या फडक्यांना बांगड्याचं रक्त लागायला सुरुवात होते. मला हे डाग कधी घाण वाटले नाहीत. ज्या घरात हात चालतात त्या घरातले कपडे असेच असतात. पण ते कपडे धुणारी बाई काय काय जाणते, याची दखल आपण फार कमी घेतो.

सगळ्यांत हट्टी डाग काजूचा. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेलं हे झाड आमच्या कातळावर असं रुजलं की वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून त्याच्या नव्या जाती निघाल्या आणि देशभर गेल्या. ओले काजू सोलायला बसलं की सालीतलं तेल उडतं. बोटांना लागलं तर कातडी सोलवटते, म्हणून बायका आधी हातांना राख चोळतात. कापडावर तो थेंब सुरुवातीला मधाच्या रंगाचा दिसतो, मग वाऱ्यावर तपकिरी होत होत काळपट होतो. नवी सून साहजिकच तो पंचा पाण्यात बुडवायला जाते. तेव्हा आमची मोठी काकी पडवीतूनच ओरडायची, "चिकाक पाणी लावू नको गो, पयला त्याल चोळ!"

काकी रसायनशास्त्र शिकली नव्हती, पण तिचं म्हणणं अचूक होतं. हा चीक तेलकट असतो, पाण्यात विरघळत नाही. ओल्या कापडावर तो नुसता पसरतो. खोबरेल चोळलं की तेलात तेल सुटतं. मग ते जुन्या फडक्याने टिपून घ्यायचं, त्यावर चुलीतली चाळलेली राख दाबायची, ती झटकायची आणि शेवटी रिठ्याच्या फेसात किंवा साबणात धुवायचं. हे सगळं त्याच दिवशी व्हायला हवं. एकदा तेल वाळून घट्ट झालं की उपाय उरत नाही. हेच तेल होडीच्या लाकडाला आणि जाळ्यांना लावत आले आहेत, खाऱ्या पाण्यात ती टिकावीत म्हणून. जे समुद्राला दाद देत नाही ते साबणाच्या वडीला कुठून देणार? काजूच्याच कुळातल्या बिब्ब्याने परीट कपड्यांवर खुणा करत, त्याही पुसल्या जात नसत. केळीचा चीक असाच. म्हणून बागेत जायचे कपडे वेगळे ठेवावेत, हा जुना रिवाज मला सगळ्या उपायांपेक्षा शहाणा वाटतो.

रातांब्याचा डाग दिसतो भयंकर, पण स्वभावाने मऊ असतो. फळं फोडून सालं मिठाच्या रसात बुडवायची आणि उन्हात घालायची, या कामात घरातलं एकही फडकं पांढरं राहत नाही. त्या लाल रंगाला आंबट मानवतं, साबण मानवत नाही. साबण लागताच तो निळसर, मळकट होतो आणि धुणारी घाबरून आणखी घासते. त्याऐवजी नुसत्या गार पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळावं, वर लिंबू पिळावं, रंग उतरल्यावर मग साबण लावावा. सोलकढी सांडली तर एका डागात दोन डाग असतात. कोकमाचा रंग गार पाण्याने जातो, नारळाच्या रसाचा तेलकटपणा साबणाने. हा क्रम उलटा केला की दोन्ही राहतात.

हळदीचंही तसंच. साबण लागला की पिवळा डाग लाल होतो. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, तीच ही करामत. तो लाल झाला म्हणून कापड वाया गेलं असं समजू नये. चांगलं खळबळून ओलंच कडक उन्हात पसरावं. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, दोन-तीन उन्हं मिळाली की फिका पडतो. आमच्या आज्या पायपुसण्यापासून पासोडीपर्यंत सगळं खळ्यात का पसरायच्या, ते मला हळदीने समजावलं.

मातीचा डाग ओला असताना घासू नये. जांभ्याची माती म्हणजे लोखंडाचा गंजच. घासली की धाग्यांत खोल जाते. वाळू द्यावी, झटकावी, मग धुवावी. तरी तांबूस छटा उरलीच तर बिंबलं ठेचून मिठाबरोबर चोळावीत आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकावीत. त्यांच्यातलं आंबट गंजाला सोडवतं. ब्लीच मात्र इथे चुकूनही वापरू नये, त्याने गंज आणखी पक्का बसतो. माशाच्या रक्ताला गार पाणी. गरम पाण्याने रक्त शिजतं आणि धाग्याला चिकटून बसतं.

उरला बुरा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात त्याच्यावर खरा उपाय एकच, ओला टॉवेल घडी करून ठेवू नये. चुलीवरच्या वाशावर वाळवलेल्या पंचाला धुराचा वास येई, पण त्याच्यावर ठिपका कधी दिसला नाही.

आता तारकर्ली-देवबागच्या घराघरांत पाहुणे उतरतात आणि त्यांच्यासाठी पांढरेशुभ्र टॉवेल मांडलेले असतात. त्यांवर सोलकढी सांडते, हळद लागते, तांबडे पाय पुसले जातात. पाहुणे संकोचाने तो टॉवेल गुंडाळून कोपऱ्यात ठेवून जातात. तिथे तो दोन दिवस ओला पडतो आणि मग फाडून त्याचं पायपुसणं करावं लागतं. तुम्ही कधी आमच्याकडे आलात, तर एवढं करा. डाग पडला की लगेच घरातल्या बाईला हाक मारा आणि काय सांडलं ते नेमकं सांगा. बाकीचं तिला ठाऊक आहे.