पळस फुलला की अरुणावतीवर

पळसाच्या काळपट कळ्यांतून केशरी टोकं दिसायला लागली. पहाटे अजून स्वेटर लागतो, पण दुपारी गाडीच्या सीटवर हात ठेववत नाही. अरुणावतीच्या धरणातही असंच होत असणार. खोल पाणी अजून पौषातलं, काठचं गुडघाभर पाणी दुपारपर्यंत कोमट. मासोळी या दोन पाण्यांच्या मधे कुठेतरी उभी आहे. रामनवमीला पोहरादेवीची यात्रा भरेल तोवर ऊन असं तापेल की काठावर बसवणार नाही. जायचं तर आत्ताच.

*

अरुणावती आमच्याच मानोरा तालुक्यातून वाहते. लहानपणी तिच्या डोहात गरी टाकलेली आहे. पण पुढे दिग्रसजवळ धरणात अडवलेली अरुणावती माझ्या ओळखीची नाही. नदीत मासोळीच्या जागा ठरलेल्या असतात: डोह, खडकाची कपार, उंबराच्या पाण्यात उतरलेल्या मुळ्या. धरणावर नजर पोचेल तिथवर सपाट पाणी. गरी टाकायची कुठे? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न, मासोळी कुणाची?

*

हा दुसरा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. कटला, रोहू, मृगळ हे मासे थांबलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं चढतं, वाहतं पाणी लागतं. म्हणून तलावात बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, विकत आणून सोडावी लागते. मोठ्या तलावांचा ठेका बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. ठेक्याचे पैसे, बोटुकलीचे पैसे, होडी, जाळी, रात्रीची राखण, हे सगळं भोई मंडळींचं. काठावर बसून मी दोन किलोचा कटला ओढला, तर तो कुणाच्या तरी शेतातून उपटलेला हरभरा झाला.

चिलापीचं तसं नाही. हा परका मासा, 1952 साली भारतात आणला आणि पसरला. त्याला कुणी सोडावं लागत नाही, साचलेल्या पाण्यातच त्याची वीण होते. तेव्हा पहिल्या खेपेला चिलापीच धरायची. तीही विचारून.

*

गेल्या वर्षी दुसऱ्या एका तलावावर न विचारता बसलो होतो. गरी अडकली, मी जोर लावून ओढली, आणि वर आलं ते जाळं. हातभर फाटलेलं. जाळ्याचा मालक होडीतून आला, काही बोलला नाही. फाटलेला भाग मांडीवर घेऊन तिथेच गाठी मारत बसला. मी पैसे पुढे केले, त्याने घेतले नाहीत. ते मनातून जात नाही. म्हणून यंदा गळाच्या आधी माणसं.

*

धरणाच्या बाजूच्या गावातल्या एका भोई काकांचा नंबर मिळाला. फोनवर मी चार प्रश्न तयार ठेवले होते; त्यांनी आधी मलाच विचारलं, "कोनच्या गावचे? मानोऱ्याचे? मंग त पानी वरून तुमीच धाडता!" संस्थेच्या लोकांना विचारून सांगतो म्हणाले. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. या, पण जाळ्याच्या बोयापासून लांब बसा, कटला लागला तर सोडून द्या. आणि एक गोष्ट न विचारता सांगितली: "सकायी घाई नोका करू भाऊ. ऊन चढू द्या. मंगच ते काठाले येते."

*

अमेरिकेतल्या मावसभावाला हे सांगितलं तर तो खूश झाला. तिकडे क्रॅपी नावाचा तळहाताएवढा मासा आहे. हिवाळाभर खोल पाण्यात थव्याने राहतो. वसंतात काठचं पाणी सतरा-अठरा अंशांपर्यंत तापलं की उथळ जागी वीण करायला येतो. नर तळ झाडून घरटं करतो आणि राखत बसतो. डॉगवुडची झाडं फुलली की तिकडचे लोक गळ काढतात. म्हणजे त्यांचा डॉगवुड, आमचा पळस.

चिलापीचा नरही काठच्या गाळात ताटलीसारखा गोल खड्डा करतो. मात्र तिला याहून अधिक ऊब लागते, पाणी विशीच्या वर गेल्याशिवाय हे काम सुरू होत नाही. मादी खड्ड्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. पिल्लं फिरती होईपर्यंत ती जवळजवळ उपाशीच असते. गरीला लागलेल्या चिलापीचा गळा फुगलेला दिसला, तर तोंड उघडून बघायचं नाही. पाण्यात हलकेच सोडायची.

*

नकाशा काढतोय. मोबाईलवर धरणाचं उपग्रहावरून घेतलेलं चित्र दिसतं, त्यावरून वहीच्या दोन पानांवर उतरवलं. भरलेल्या पाण्याची रेघ निळ्या पेनाने. जुन्या पात्राचं वळण अंदाजाने, ठिपक्यांनी. दक्षिणेकडे तोंड करून असलेला उत्तरेचा काठ लाल पेनाने, कारण या दिवसांत सूर्य दक्षिणेकडून जातो, त्या उतारावर ऊन जास्त वेळ पडतं, आणि उत्तरेचा गार वारा पाठीमागच्या चढाला अडतो. लहान खाडीसारखी आत शिरलेली दोन बोटं त्याच काठाला आहेत. पहिली बैठक तिथे.

काका म्हणाले, तिथे बाभळीचे बुडालेले बुंधे आहेत. बुंधा म्हणजे सावली, शेवाळ, किडे, आसरा. तंगूस तुटेल ती तिथेच, आणि मासोळी लागेल तीही तिथेच.

*

बुडालेल्या जमिनीत जुन्या विहिरीही असतात. पाण्यात उतरायचं नाही. पाणी ओसरलेल्या गाळावर वरून पापुद्रा वाळलेला दिसतो आणि खाली मांडीभर चिखल असतो. काठी टोचल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. एकट्याने जायचं नाही. भाच्याला सोबत घेतोय.

*

चाऱ्याचा प्रयोग काल रात्री. ज्वारीचं पीठ, थोडी कणीक, बारीक कुटलेली शेंगदाण्याची ढेप, लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून. नुसत्या ज्वारीचा गोळा पाण्यात लगेच विरतो, कणकेचा चिकटपणा त्याला धरून ठेवतो. बादलीत गोळी सोडून घड्याळ लावलं: पहिली चार मिनिटांत सुटली, कणीक वाढवल्यावर बारा मिनिटं टिकली. गोळी हरभऱ्याएवढी. चिलापीचं तोंड लहान, ती गिळत नाही, टोचते. सोबत डब्यात ओल्या मातीत गांडुळं.

गरी दहा नंबरची. तिचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केला. लागलेली मासोळी कधी निसटेल, निसटू दे. पण कटला सोडायचा झाला तर तोंड न फाडता सुटेल. तरंगायला मोराच्या पिसाचा देठ, टोकाला लाल नेलपॉलिश. गरीच्या जरा वर बारीक शिशाचा एकच मणी, इतका हलका की देठ जेमतेम उभा राहावा. चिलापीने नुसता श्वास घेतला तरी तो हलला पाहिजे.

भाचा विचारतो, "मामा, कटला लागला तर फोटो तरी काढू?" काढ. पण आधी हात ओले कर. कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो, मासोळीला रोग धरतो.

*

मरळही कदाचित दिसेल. ही मासोळी हवा घ्यायला वर येते, काठाच्या गवताजवळ एक बुडबुडा फुटतो आणि पाणी किंचित गोल हलतं. तो बुडबुडा दिसला तर नुसतं बघत बसायचं, या खेपेला धरायची ती चिलापीच.

*

सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. तरी उन्हाळ्यात डोह आटले की कुणीतरी ब्लीचिंग पावडर टाकतंच. अरुणावतीच्या डोहात बोटभर पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगताना मी पाहिली आहेत. ज्याने टाकली त्याला मूठभर मासे मिळाले. त्या डोहात पुढची दोन वर्षं मी गरी टाकली नाही, टाकून काही लागलंही नसतं.

*

शनिवार रात्र. पिशवी भरली: भाकरी, ठेचा, कांदा, पाच लिटर पाणी, टोपी, दोरी, जास्तीच्या गऱ्या. संस्थेच्या मंडळींसाठी घरची तुरीची डाळ, दोन किलो.

नऊ वाजता काकांचा फोन. रब्बीसाठी कालव्याला पाणी सोडलंय, काठ मागे सरकला. लहान बोटातलं पाणी गेलं, बाभळीचे बुंधे उघडे पडलेत. उघड्या गाळात पेरणी करणारे गाळपेरवाले बांबू रोवून जागा आखतायत.

वही परत उघडली. लाल काठावर काट मारली. निळ्या रेघेच्या आत, जुन्या पात्राच्या ठिपक्यांकडे सरकत, पेन्सिलीने नवी रेघ ओढतोय. भाचा टॉर्च धरून उभा आहे.