मंडळीचा ग्रुप

चंद्रपूर

प्रिय बाळा,



तरुण संघाने मंडळीचं फेसबुक पेज आणि व्हॉट्सॲप ग्रुप तुझ्याकडे सोपवला, फार आनंद झाला. उपासना लाइव्ह दाखवायला कॅमेरा घ्यायचा म्हणतोस. घे, पण त्याआधी माझं थोडं ऐक.

२०२० साली १२ एप्रिलचा ईस्टर लॉकडाऊनमुळे सगळ्यांनी घरातच केला. यूट्यूबवरच्या उपासनेने तेव्हा शहरातल्या लोकांना मोठा धीर दिला. पण अहेरीच्या पुढे, एटापल्ली-भामरागडकडे, एका वळणावर रेंज असते, पुढच्या वळणावर जाते. तासाभराचा व्हिडिओ तिथे उघडणार कसा? दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज मात्र रेंज आली की उतरतो आणि एका फोनभोवती सगळं घर बसून ऐकतं. सिरोंचाकडे तो तेलुगूत लागेल, भामरागडकडे माडियात. वाचता न येणारी आजीसुद्धा मग बोलून उत्तर देईल. फोन बहुतेक घरांत पुरुषाच्या खिशात असतो, म्हणून महिला संघाचे निरोप संध्याकाळी, तो घरी आल्यावर टाकत जा.

रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय काढून बघ. पौल एकेकाचं नाव घेऊन सलाम सांगतो, फीबीला लागेल ती मदत करा म्हणतो. आपला ग्रुप मला तसा हवा आहे, माणसांची खबर ठेवणारा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे दर पावसाळ्याचं. तेव्हा कोणाचं औषध संपलं, कोणाची बाळंतीण अडकली, हे ग्रुपवर कळावं आणि कोण जाणार तेही तिथेच ठरावं. रोज सकाळी फुलांची चित्रं येत राहिली तर अशी हाक कोणाला दिसणार? पोप फ्रान्सिस यांनीही २०१९च्या जागतिक संपर्क दिनाच्या संदेशात सांगितलं होतं, की इंटरनेटवरची ओळख प्रत्यक्ष भेटीला जोड देणारी असावी, भेटीची जागा घेणारी नव्हे.

एका गोष्टीवर मी हट्टच धरीन. आजाऱ्याच्या खाटेचा, प्रार्थनेत रडणाऱ्या बाईचा, लेकरांचा फोटो पेजवर टाकायचा नाही. तो तालुकाभर फिरतो आणि त्रास त्या घराला होतो.

आधी फोन नसलेल्या घरांची यादी कर आणि प्रत्येक घरामागे शेजारचा एक फोनवाला नेमून दे. कॅमेरा थोडा स्वस्तातला घेतलास तर उरलेले पैसे भेटीगाठींच्या पेट्रोलला ठेव. यादी मला पाठव. आलापल्लीकडच्या ओळखीच्या बायांना मी फोन करते.

तुझी,
मावशी